मूठभर ठिपके

१

एल्डन रॅस्मसेनच्या तिजोरीतलं पिस्तूल चोरीला गेलं नव्हतं. ते जागच्या जागी, जुन्या मऊ फडक्यात गुंडाळलेलं होतं. गेला होता तो फक्त मुठीवरचा खडबडीतपणा.

परक्या माणसाला यात रडण्यासारखं काय ते कळणार नाही. आमच्या ड्राय फोर्कमध्ये कळतं. हल्लीच्या पिस्तुलांची मूठ प्लास्टिकची असते, हात घामेजला की ओल्या साबणासारखी निसटते. म्हणून लोक घरी, स्वयंपाकघराच्या टेबलावर, सोल्डरिंग आयर्न तापवून त्याच्या टोकानं मुठीवर ठिपके डागतात. शेकड्यांनी ठिपके. याला स्टिपलिंग म्हणायचं. एकाचं स्टिपलिंग दुसऱ्यासारखं येत नाही, ते हस्ताक्षरासारखंच असतं.

आणि हे पिस्तूल केलनचं होतं. केलन म्हणजे एल्डनचा मुलगा. चार हिवाळ्यांपूर्वी साखर कारखान्याच्या वळणावर त्याचा ट्रक बर्फावरून घसरला आणि कालव्यात गेला. त्याच्या हातचं म्हणावं असं घरात एवढंच उरलं होतं.

"बघ नोरीन," एल्डननं पिस्तूल उघडून, रिकामं आहे हे दाखवून माझ्या हातात दिलं. मीही उघडून पाहिलं. आमच्याकडे सख्ख्या भावानं दिलं तरी आधी उघडून बघतात. "सगळं घासून काढलंय. आणि वर स्वतःचं काहीतरी गिरबटलंय."

"कुणी?"

"विचारतेस काय? ब्रॉकनं! दुसरा कोण आहे?"

ब्रॉक म्हणजे त्याचा जावई, मुलगी मेरिनचा नवरा. त्याची रायफल याच तिजोरीत असायची, त्यामुळे कुलपाचा आकडा त्याला माहीत होता. शिवाय या पिस्तुलाची मूठ फार बोचते, जरा घासून घेऊया, असं तो येताजाता म्हणायचा.

"शनिवारची क्लबची स्पर्धा झाली की मी शेरीफकडे जाणार," एल्डन म्हणाला. "मेरिनला सांगून टाकलंय, तुला यायचं तर ये, पण त्याला घेऊन या दारात पाऊल टाकायचं नाही."

मी त्याच शेरीफच्या खात्यातून निवृत्त झालेली बाई. आता नेमबाजी क्लबचं मैदान सांभाळते आणि लोकांना कानात बोळे घाला म्हणून ओरडत फिरते. ब्रॉक नुकताच काउंटीच्या तुरुंगात पहारेकरी म्हणून लागला होता. सासऱ्याच्या पिस्तुलाशी खेळ केल्याची तक्रार गेली असती तर नोकरी गेलीच म्हणून समजा. मेरिनचे दिवस भरत आले होते. एवढं सगळं एका मुठीवर टांगलेलं होतं.

जोलीन, एल्डनची बायको, सिंककडे तोंड करून भांडी घासत होती. त्यांच्या धर्मात कॉफी चालत नाही, पण माझ्यासाठी ती एक डबा ठेवते. तिनं न विचारता कप माझ्यापुढे ठेवला आणि पुन्हा पाठ फिरवली.

"जन्मभर मी पोराला म्हणत आलो," एल्डन म्हणाला, "की तू एक काम तडीस नेत नाहीस. कुंपण अर्धवट, कॉलेज अर्धवट. आणि एक दिवस हे आणून ठेवलं त्यानं माझ्यापुढं. पुरं केलेलं. मी काय बोललो माहितीये? 'बरं आहे,' म्हणालो. एवढंच. शनिवारी बॉइजीहून तो स्टिपलिंगवाला वेस बाल्ड्रिज येणार आहे, सगळ्यांचं हातकाम बघायला. म्हटलं, त्याच्या तोंडून तरी माझ्या पोराचं कौतुक ऐकावं."

त्याच्याकडे बघवेना. मी खिशातलं भिंग काढलं आणि मूठ फिरवून फिरवून पाहिली. चापाभोवतीच्या कडीखाली, जिथं मधलं बोट टेकतं तिथं, नखाएवढा तुकडा जुनाच होता. त्याला कुणी हात लावला नव्हता.

"हे का सोडलं असेल?"

"घाई झाली असेल चोराला."

घाईतला माणूस बसून एवढे ठिपके डागत नाही. पण ते मी मनातच ठेवलं. "शनिवारपर्यंत तोंड बंद ठेव," म्हटलं, आणि पिस्तूल घेऊन निघाले.

२

ब्रॉक व्हरांड्यात पाळणा जोडत बसला होता. कागदावर एक, हातात भलतंच, असं चाललं होतं.

"बाई, मी नाही केलं," मी गाडीतून उतरायच्या आत तो म्हणाला.

"मी अजून गुड मॉर्निंग पण म्हटलं नाही रे."

"मग म्हणा. पण मी नाही केलं." त्यानं स्क्रू तोंडातून काढला. "बोचतं म्हणालो होतो, ते खरंय. म्हाताऱ्यानं एकदा ते कमरेला लावून बघ म्हणून दिलं, तर माझा नवा शर्ट खाऊन टाकला त्यानं. म्हणून म्हणालो. केलनचं काम मी पुसेन? मेरिनचा भाऊ होता तो. मला काय शिंगं आहेत?"

"तुझं पिस्तूल दाखव."

त्यानं आणलं, उघडलं, दाखवलं. मी पाहिलं. बाहेरची बाजू चांगली खरखरीत, आतली, अंगाकडची, जवळजवळ गुळगुळीत.

"आतून का नाही केलंस?"

"म्हणजे काय! दिवसभर कातडी सोलून घ्यायची आहे का मला? ज्याला कमरेला लावायचंय तो अंगाकडची बाजू मऊच ठेवणार."

मी केलनचं पिस्तूल त्याच्या हातात ठेवलं. त्यानं उघडून पाहिलं, मग कपाळाला आठ्या घातल्या. "दोन्ही बाजूंना सारखंच? आणि हे काय? वरच्या खाचेत घासल्याचा भुसा आहे. वरचा भाग काढलाच नाही की काय यानं? तसंच घासलं? कोण गाढव आहे हो हा?"

मला हेच ऐकायचं होतं. ज्यानं हे केलं त्याला पिस्तूल सुटं करता येत नव्हतं, आणि तो ते कधी कमरेला लावणार नव्हता. म्हणजे बंदुकीचा माणूसच नव्हता तो.

"बाई," ब्रॉक हळूच म्हणाला, "बाळ झालं की आजोबांना दाखवायचं की नाही? मेरिन रोज विचारते. मी काय सांगू?"

"पाळणा सरळ जोड आधी," मी म्हटलं. "पाय उलटे लावलेस."

जाताना मी पुन्हा एल्डनच्या घरी थांबले. बैठकीत भिंतीवर त्या पिस्तुलाचा, घासण्याआधीचा, मोठा फोटो होता, एल्डननंच जवळून काढून चौकटीत लावलेला. त्याला भिंग लावलं आणि तशीच उभी राहिले.

तापलेलं टोक तिरकं धरलं की वितळलेलं प्लास्टिक ठिपक्याच्या एका कडेला वर येतं. उजव्या हाताचा माणूस असेल तर एका बाजूला, डावखुरा असेल तर दुसऱ्या. केलन उजव्या हाताचा होता. कडीखालच्या त्या जुन्या तुकड्यातले ठिपके उजव्या हाताचेच होते. पण फोटोतली बाकीची सगळी मूठ डावखुऱ्यानं डागलेली होती.

३

आमच्या गावात केलनच्या वयाचा एकच डावखुरा या कामात पडला. ट्रॉय हॅडलॉक, केलनचा लंगोटीयार. आता तो बॉइजीला वेस बाल्ड्रिजच्याच दुकानात काम करतो. त्या आठवड्यात तो स्पर्धेच्या तयारीला गावी आला होता आणि मैदानावर पुठ्ठ्याच्या निशाणांना कागद चिकटवत होता. ब्रश डाव्या हातात.

"ट्रॉय, केलनची मूठ तू डागलीस."

ब्रश डब्यात पडला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मैदानावर वाऱ्याशिवाय कुणी नव्हतं.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुझ्या हातानं."

तो पुठ्ठ्यांच्या ढिगावर बसला. "त्यानं सुरुवात केली होती, बाई. कडीखाली. तिथं कुणाला दिसत नाही ना, म्हणून आधी तिथं हात बसवायचा असतो. थोडं केलं, बोट भाजलं, शिव्या घातल्या आणि माझ्याकडे सरकवलं. 'तू पुरं कर रे ट्रॉय. म्हाताऱ्याला एकदा काहीतरी पुरं झालेलं दाखवायचंय.' मी केलं. यात काय मोठं? मित्र होता. त्याला वाटलं होतं, चार दिवस बापाला खूश ठेवू, मग हसत सांगू. आणि मग तो वळणावर..." त्यानं नाक पुसलं. "मयताच्या दिवशी एल्डनकाका मला ते पिस्तूल दाखवत होते. बघ म्हणे, माझ्या पोरानं केलं. मी काय बोलणार?"

"आणि शनिवारी वेस ते बघणार."

"वेस माझं काम डोळे मिटून ओळखतो. रोज त्याच्यासमोर बसून करतो मी! सगळ्या क्लबासमोर म्हणाला असता, अरे हे तर आपल्या ट्रॉयचं."

"म्हणून घासलंस?"

तो ताडकन उभा राहिला. "नाही! मी वेसला आधीच गाठून गप्प राहा म्हणणार होतो. आणि मी घासलं असतं तर वरचा भाग काढला नसता का? माझी लाज काढू नका, बाई."

ते पटण्यासारखं होतं. "वेस हात ओळखतो, हे आणखी कुणाला बोललास?"

"मुद्दाम नाही. रविवारी रॅस्मसेनांकडे जेवायला होतो तेव्हा बोलता बोलता निघालं. एल्डनकाका तर खूश झाले, म्हणाले, मग केलनचा हात ओळखेल तो." ट्रॉय आठवत थांबला. "जोलीनकाकूंनी मला बटाटे वाढले. मग परत वाढले. मग परत. माझं ताट भरलेलं होतं, तरी वाढतच होत्या."

४

एक गोष्ट मला सतावत होती. ज्यानं मूठ घासली त्यानं एवढासा तुकडा सोडला, आणि नेमका तोच सोडला जो खरंच केलनचा होता. केलनच्या मुठीत केलनचं किती आणि दुसऱ्याचं किती हे त्याला माहीत होतं. हे जाणणारी माणसं दोनच, एक गेलेला आणि एक ट्रॉय. शिवाय केलननं ज्याच्या कानात सांगितलं असेल तो.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. एल्डन मागे शेडमध्ये लेथवर होता, त्याची घरघर ऐकू येत होती. जोलीन खिडकीपाशी चौकटीवर ताणलेल्या गोधडीवर वाकली होती. बाळाची गोधडी. पिवळी बदकं, आणि बदकांच्या मधल्या पांढऱ्या जागेत वळणावळणानं गेलेला बारीक टाका.

"सुंदर आहे," मी म्हटलं. मला शिवणातलं ओ की ठो कळत नाही, पण सुंदर होतीच ती. "हा मधला टाका कसला?"

"हा? स्टिपलिंग," ती म्हणाली.

मी कप खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

"स्टिपलिंग. तुमच्या पिस्तूलवाल्यांचंच नाव, पण काम आमचं निराळं. एकच रेघ सोडायची. तिनं हवं तिकडे फिरावं, वळावं, पण स्वतःला ओलांडायचं नाही. ओलांडलं की उसवायचं." सांगताना तिची सुई थांबली नव्हती. आणि मग थांबली.

मी पिस्तूल काढलं, उघडून पाहिलं, उजेडात धरलं. पेन्सिलच्या टोकानं मुठीच्या टाचेपासून सुरुवात केली. या ठिपक्याशेजारी हा, त्याच्याशेजारी तो. आमचे लोक ठिपके वाटेल तसे विखरून टाकतात, कुठंही रांग दिसू नये म्हणून. इथं मात्र वाट होती. ती वर गेली, वळली, खाली आली, मागून पुढे आली, सगळी मूठ फिरून कडीखालच्या त्या तुकड्यापाशी येऊन थांबली. कुठंही तिनं स्वतःला ओलांडलं नव्हतं.

जोलीननं सुई कापडात खोचली.

५

"केलनचाच आयर्न होता," ती म्हणाली. "गॅरेजच्या खणात. धूर इतका झाला की खिडक्या उघडल्या आणि एल्डनला म्हटलं, पातेलं करपलं."

"तुला केलननं सांगितलं होतं?"

"त्याच दिवशी. हसत हसत. 'आई, फक्त खालचं माझं आहे हं, बाबांना नको सांगूस.' मी पण हसले. आम्ही दोघं किती हसलो होतो." तिचे डोळे भरले, पण तिनं पुसले नाहीत. "नोरीन, तो माणूस रोज सकाळी तिजोरी उघडतो. त्या मुठीवर अंगठा फिरवतो. मग नाश्ता करतो. वेसनं भिंग लावून सगळ्यांसमोर म्हटलं असतं की हे दुसऱ्याचं, तर काय उरलं असतं त्याला? म्हटलं, घासून टाकते. चोरानं नासवलं म्हणून चिडेल, रडेल, पण मुलगा तरी राहील त्याच्यापाशी. एक मुलगा त्यानं दोनदा का गमवावा?"

"मग एवढंसं का सोडलंस?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मी मूर्ख आहे. "ते खरंच त्याचं होतं ना."

आयुष्यात पुष्कळ गुन्हेगार समोर बसवले, पण असा नाही. तरी मी म्हटलं, कारण कुणीतरी म्हणायला हवं होतं, "आणि ब्रॉकचं काय? एल्डन त्याच्यावर तक्रार घालायला निघालाय. मेरिन या दारात यायची नाही. ही बदकं कुणासाठी शिवतेस मग?"

"मला वाटलं नव्हतं तो ब्रॉकवर घेईल." तिनं गोधडीवर हात फिरवला. "मग वाटलं, निवळेल. तो चिडतो आणि निवळतो. या वेळी निवळला नाही."

"मी सांगू त्याला?"

"नाही." ती उठली. मागचं दार उघडून तिनं शेडकडे हाक मारली, "एल्डन! लेथ बंद कर. हात धुऊन आत ये."

६

तिनं सांगितलं. काही न लपवता, उभ्यानंच. ट्रॉयचं, केलनचं हसणं, खिडक्या, करपलेलं पातेलं, सगळं. मला तिथून निघायचं होतं, पण तिनं माझी बाही धरून ठेवली होती.

एल्डन खुर्चीवर बसून होता. मग त्यानं हात पुढे केला. मी पिस्तूल उघडून दिलं, त्यानंही उघडून पाहिलं, आणि उलटं करून कडीखाली बोट ठेवलं.

"हे?"

"हे," जोलीन म्हणाली. "एवढं सगळं त्याचं."

तो ते चाचपत राहिला. लेथवर जन्म गेलेल्या माणसाचं बोट, केसाएवढा फरक कळतो त्याला. "खोल-उथळ आहे," तो म्हणाला. "इथं जास्त वेळ धरलाय. इथं घसरलाय. इथं... इथं भाजलं असेल त्याला." आणि मग तो मोठ्यानं रडला, आणि जोलीननं त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. मयताच्या दिवशी तो रडला नव्हता. मी माझी बाही सोडवून घेतली आणि कॉफीचा कप विसळायला गेले.

परत आले तेव्हा तो फोनवर होता. "ब्रॉक? मी बोलतोय. नाही, ऐक तू... नाही रे, ऐक तर! मी चुकलो. शनिवारी मेरिनला घेऊन ये. आणि पाळण्याचे पाय उलटे लावलेस म्हणते नोरीन, ते मी येऊन बघतो."

शनिवारी वारा पडला होता. वेस बाल्ड्रिज टेबलापाशी आला, एकेक पिस्तूल उघडून बघत बघत केलनच्या पिस्तुलापाशी थांबला. त्यानं भिंग लावलं. ट्रॉय निशाणांमागे तोंड लपवून उभा होता.

"हे कुणाचं काम?"

"माझ्या बायकोचं," एल्डन म्हणाला. आसपासचे लोक हसले. जोलीन लाल झाली.

"असलं स्टिपलिंग मी जन्मात पाहिलं नाही," वेस म्हणाला. "पण पकड छान आहे, खरंच. आणि खाली हा एवढासा तुकडा? हा हात वेगळा आहे."

"हा माझ्या मुलाचा. केलनचा."

"पहिलंच काम दिसतंय. पुढं का नाही केलं त्यानं?"

मी एल्डनकडे पाहिलं. जोलीननं पण पाहिलं.

"सगळं अर्धवट टाकायची सवय होती त्याला," एल्डन म्हणाला.

हे वाक्य मी त्याच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं, केलन समोर असताना आणि नसतानाही. इतक्या मायेनं कधी ऐकलं नव्हतं. मग त्यानं मागे उभ्या असलेल्या ब्रॉकला जवळ बोलावलं आणि पिस्तूल त्याच्या हातात दिलं. ब्रॉकनं उघडून पाहिलं, रिकामं होतं.

"कडीखाली बोट लाव," एल्डन म्हणाला. "बोचतंय?"

"थोडंसं."

"बोचू दे," एल्डन म्हणाला.